बूट की फडकं?

मामांनी आधी नख लावलं. अंगठ्याचं नख पुढच्या शॉकअपच्या उजव्या पाईपवरून वरून खाली नेलं, जरा बाजूला सरकून पुन्हा वरून खाली. पाचव्या की सहाव्या फेरीला ते अडकलं.

"आहे," ते म्हणाले.

मला काहीच दिसेना. त्यांनी मोबाइलचा टॉर्च आडवा धरला तेव्हा कळलं. क्रोमवर खसखशीच्या दाण्याएवढा ठिपका, कडेने किंचित तांबूस. त्याच्या खाली सीलच्या तोंडाशी तेलाचं कडं, तिथून बॉटमवर आलेला ओघळ आणि ओघळावर बसलेल्या धुळीची काळी लापशी. आदल्या रविवारी मी हीच लापशी 'चिखल लागलाय' म्हणून सोडून दिली होती.

मामांचं गॅरेज आंबिवली स्टेशनवरून मोहने गावाकडे जाताना लागतं. चहावाल्यापासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. पूर्वी ते एनआरसीत, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनमध्ये, मेंटेनन्सला फिटर होते. २००९ साली कंपनी बंद पडली आणि पंप-व्हॉल्व्ह खोलणारे हात मोटारसायकली खोलू लागले. खरा भाचा एकच, आणि तो त्या दिवशी हजर होता. पंचविशीचा पोरगा, भिवंडीच्या गोदामांतून पार्सलं उचलून गावोगाव पोचवतो. त्याची गाडी कडेला उभी होती, पुढच्या दोन्ही शॉकअपना काळे घडीचे रबरी बूट घातलेली.

वाद मी येण्याच्या बराच आधीपासूनचा असावा. माझी गाडी स्टँडवर चढली आणि त्याला नवा विषय मिळाला, इतकंच.

"बघ मामा," भाचा म्हणाला, "बूट असते तर भाऊंचं सील गेलं असतं का? मी कधीचा सांगतोय, येईल त्या गाडीला बूट लाव. धंदापण होईल."

"धंदाच होईल. काम नाही होणार."

"का नाही होणार? घाण पाईपवर बसते, पाईप खाली सरकला की घाण सीलमध्ये जाते. पाईपवर घाण बसूच दिली नाही तर?"

"पाईप पुसला तर?"

"रोज?"

"रोज. एक फडकं, दोन पाईप. तुझी विडी ओढून होते तेवढ्या वेळात."

"मी विडी ओढत नाही."

"मग वेळच वेळ आहे."

भाच्याने माझ्याकडे मोर्चा वळवला. "भाऊ, तुम्ही फिरता कुठे?" मी म्हटलं, रोज कल्याण, कधी चतुर्थीला टिटवाळ्याच्या गणपतीला. "म्हणजे तुम्हाला एकाच जातीची धूळ मिळते," तो म्हणाला. "माझ्याकडे सगळ्या जाती आहेत."

मग त्याने त्या मोजून दाखवल्या, आणि मला कबूल केलं पाहिजे की आंबिवलीत इतकी वर्षं राहून मी धुळीकडे असं कधी पाहिलं नव्हतं. टिटवाळ्याच्या बाजूला वीटभट्ट्या. दिवाळीनंतर पेटतात, पावसाच्या तोंडापर्यंत चालतात. ट्रॅक्टरमधून सांडलेली माती आणि भाताच्या तुसाची राख मिळून मैद्यासारखी धूळ होते, ती कुठेही शिरते. गांधारी पूल ओलांडून बापगाव, पडघ्याकडे निघालं की डंपरमधून उडालेली कच. आपल्याकडच्या काळ्या दगडाची, टोकदार. ती शिरत नाही, टोचते. जिथे रस्त्याचं काँक्रीट चाललंय तिथे सिमेंट. ते पाईपवर भुरभुरतं, पहिल्या सरीत भिजतं आणि तिथेच घट्ट होतं. आणि आषाढात आवणाच्या वेळी शेतातून डांबरीवर चढलेल्या ट्रॅक्टरचा चिखल, जो दुपारच्या उन्हात कडक होतो आणि संध्याकाळी गाडी काढली की पापडासारखा तुटून सीलच्या तोंडात पडतो.

"माझा मडगार्ड बघून मी काल कुठे होतो ते मामा सांगतो," भाचा म्हणाला.

"सांगतो. पण पाईप बघून नाही सांगता येत हल्ली. झाकलाय ना."

मामांनी टेबलावरून नवं सील उचललं आणि माझ्या तळव्यावर ठेवलं. बांगडीसारखं रबर, त्यावर तीन आकडे कोरलेले. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. आतल्या कडेला बारीक ओठ, आणि ओठामागे केसासारख्या तारेची गोल स्प्रिंग, जी ओठाला पाईपवर दाबून धरते. ही स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे खाली. याच्या वर दुसरं, पातळ सील बसतं. ते डस्ट सील. त्याचं काम पाईप खाली येताना धूळ खरवडून बाहेर ठेवायचं. आतलं सील तेल राखतं, वरचं धूळ अडवतं. घरात दोन सुना असल्या की नाव एकीचंच होतं, तसं गिऱ्हाईक फक्त आतल्या सीलबद्दल विचारतं. डस्ट सील चिरलेलं असलं तरी 'तेच परत बसव' म्हणतं, आणि मग पाऊस संपायच्या आत पुन्हा येतं.

साध्या गाडीत पाईप वर आणि बॉटम खाली असतो. सीलचं तोंड आभाळाकडे. वाटीच म्हणा. पाईपवरची माती आपोआप त्या वाटीत गोळा होते. उलट्या फोर्कच्या गाड्या, म्हणजे २०१२ला केटीएमची ड्यूक चाकणहून आली तेव्हापासून पोरांना माहीत झालेला प्रकार, त्यात पाईप खाली चाकाजवळ आणि सीलचं तोंड जमिनीकडे. वाटीची भानगड नाही, पण चाकाने उडवलेला खडा थेट पाईपवर. म्हणून त्यांना पुढे प्लास्टिकची ढाल असते. आणि तिथे सील गेलं तर तेल वरच्या नळीतून खालीच येणार, ब्रेकच्या कॅलिपरकडे. डिस्कला तेल लागलं की पॅड पुसून भागत नाही, फेकावेच लागतात.

(थोडं विषयांतर. तेलाने धक्का आवरणारा टेलिस्कोपिक फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर १२ या गाडीवर आणला. त्याआधीच्या गाड्यांना पुढे लोखंडी सांगाडा आणि उघडी स्प्रिंग असायची. हाडं खिळखिळी व्हायची, पण ज्यात तेलच नाही त्याचं सील काय जाणार!)

"कंपनीत," मामा म्हणाले, आणि भाच्याने आकाशाकडे बघितलं. हे वाक्य त्याने लहानपणापासून ऐकलेलं दिसत होतं. "कंपनीत आम्ही पंपाच्या ग्लँडला दोरी भरायचो. नवीन पोरगा आला की ग्लँडचे नट आवळून आवळून गळती पूर्ण बंद करायचा. खूश व्हायचा. तासाभरात दोरी जळायची आणि शाफ्टवर खाच पडायची. ग्लँडमधून थेंब थेंब पडलाच पाहिजे. त्यावरच ती थंड राहते. सीलचं तसंच. पाईपवर तेलाचा अगदी बारीक थर राहतो, हाताला लागेल न लागेल एवढा. तो असणारच. म्हणून धूळ चिकटणारच. तू कितीही झाक."

"मग झाकलेल्या पाईपवर कमी चिकटेल."

"आणि जी आत जाईल ती बाहेर कशी येणार?"

मामांचा मुद्दा असा. बूट म्हणजे भाता. गाडी खड्ड्यात गेली की भाता दाबला जातो आणि आतली हवा भोकांतून बाहेर जाते. चाक खाली आलं की तीच भोकं बाहेरची हवा आत ओढतात. पडघ्याच्या रस्त्यावर ती हवा कसली असते ते भाच्यानेच आत्ता सांगितलं. पावसात त्या हवेत पाणी. भोकं बुजली, किंवा बसवणाऱ्याने ती वरच्या बाजूला ठेवली, तर पाणी आत साचतं आणि ऊन लागलं की आत वाफाळतं. क्रोमचा थर केसाहून पातळ असतो, त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. खाली पोलाद आहे. मग गंजाचे ठिपके, आणि ते कुणाला दिसत नाहीत, कारण वर बूट आहे. "लिक झालं तरी तेल बुटात साठतं. तुला कळतं कधी? बूट टपकायला लागल्यावर."

एवढ्यावर भाचा हरेल असं मला वाटलं होतं. तो अजिबात हरला नाही.

"मामा, बजाजची सीटी बघ. खेड्यातली स्वस्त गाडी. तिला बूट आहेत. हिमालयन बघ, २०१६ला आली ती. पोरं लडाखला नेतात. तिलाही बूट आहेत. जिथे रस्ताच नाही तिथे चालणाऱ्या दोन्ही गाड्यांना कंपनीनेच बूट दिलेत. आणि जुन्या बुलेटला तर पत्र्याच्या नळ्या होत्या, पाईप दिसायचाच नाही. बूट नाहीत ते कुणाला? मधल्यांना. ज्यांना क्रोम चमकवायचंय त्यांना."

हे मला तेव्हाही पटलं, आजही पटतं. शहरातल्या गाडीचा पाईप उघडा असतो तो इंजिनिअरला उघडा बरा वाटला म्हणून नव्हे, शोरूममध्ये तो चमकतो म्हणून. मामाही क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "हिमालयनवाला पोरगा आठवड्याला गाडी धुतो, फोटो काढतो. त्याचे बूट कसेही चालतील."

"आणि मी?" भाचा आता खरोखर चिडला होता. "सकाळी सातला गोदाम, रात्री नऊला घर. कंपनीत पंप बघायला तू होतास, चालवायला दुसरा होता. माझ्या गाडीला फिटर मीच, ड्रायव्हर मीच आणि हमालही मीच. फडकं मारायचं ज्ञान सगळे देतात. फडकं मारायला माणूस कोण देतं?"

मामांनी उत्तर दिलं नाही. ते उठले, भाच्याच्या गाडीकडे गेले आणि उकिडवे बसून बुटाच्या खालची पट्टी कापली.

"अरे! नवीन आहे ती!"

"पट्टी रुपयाची आहे. पाईप किती रुपयांचा आहे?"

डाव्या बाजूचा बूट वर सरकला. आतला पाईप आरशासारखा. भाच्याने काही न बोलता हात पसरून आम्हा दोघांना दाखवला. मग उजवा. उजव्याच्या घडीत चिखलाचा घट्ट गोळा, भोकं त्यात पार बुजलेली, आणि पाईपवर सीलच्या बोटभर वर तांबूस कडं. ओलसर. मामांनी नख फिरवलं. अडकलं नाही. "वाचला," ते म्हणाले. "अजून एक पाऊस, मग नसता वाचला."

एकच गाडी, एकच रस्ता, एकाच दुकानातले दोन बूट. डाव्याची भोकं खाली मागच्या बाजूला होती, उजव्याची पुढे, चाकाच्या समोर. बसवताना कुणी बघितलं नव्हतं.

"मीच बसवलेत," भाचा म्हणाला.

मला वाटतं, इथे वाद मिटायला हरकत नव्हती. पण माझी गाडी अजून गळत होती.

मामांनी ड्रॉवरमधून एक्स-रेची फिल्म काढली. तिच्यातून दोन बोटं रुंद पट्टी कापली, एका टोकाला आकड्यासारखी खाच केली आणि कडा पॉलिश पेपरवर घासून मऊ केल्या. नाहीतर फिल्मच ओठ कापते. डस्ट सील स्क्रूड्रायव्हरने हलकेच उचकटून वर घेतलं, पट्टी पाईप आणि सील यांच्यामध्ये सरकवली आणि पाईपभोवती गोल फिरवत बाहेर ओढली. आकड्याला लागून काळा कण आला, मग दोन, मग एक चकाकता, वाळूचा. पूर्वी या कामाला फोटोची निगेटिव्ह वापरायचे. आता निगेटिव्ह कुठे मिळणार! एक्स-रेवर कुणाचा तरी गुडघा होता.

"कुणाचा हो?"

"माझाच. झीज आहे म्हणाले डॉक्टर."

ओठात नुसता कण अडकला असेल तर एवढ्याने गळती थांबते. सील बदलावंही लागत नाही. पाईप पुसला, हँडल धरून गाडी वीस वेळा दाबली. तेलाचं कडं पुन्हा आलं. पहिल्यापेक्षा बारीक, पण आलं.

"गाडी धुतली कुठे होती?" मामांनी विचारलं. मी एका वॉशिंग सेंटरचं नाव सांगितलं. प्रेशरचा झोत, पुढून, थेट सीलवर, वर डिझेलचा फवारा. मामांनी मान हलवली. बादली, कापड आणि साधं पाणी. झोत मारायचाच तर चाकावर मारा. डस्ट सीलच्या ओठाखाली एकदा पाणी शिरलं की बरोबर रेतीही जाते. आणि डिझेलने बूट फुगतात, सैल पडतात, हे भाच्यासाठी.

मग शॉकअप खोललं. पहिली गोष्ट बाहेर आली ती तेल, आणि ते बघून तिघंही गप्प झालो. नवं तेल मधासारखं पारदर्शक असतं. हे राखाडी होतं, पातळ, त्यात चंदेरी चमक, आणि वास सुक्या बोंबलाला लाज आणणारा. मामांनी दोन बोटांत चोळून दाखवलं. चमक म्हणजे ॲल्युमिनियमची पूड. आतले सरकणारे भाग एकमेकांवर घासून पडलेली. शॉकअपचं तेल शेवटचं कधी बदललं? मी विचार करू लागलो. सहा वर्षांत एकदाही नाही. इंजिनचं तेल मी वेळेवर बदलतो, त्याचं स्टिकर टाकीवर आहे. शॉकअपमध्ये बदलायचं तेल असतं, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं निराळं, करणं निराळं.

"तुम्ही दोघं," मी म्हटलं, "तासभर बाहेरच्या धुळीवर भांडताय."

"आतली धूळ आतूनच सील खाते," मामा म्हणाले. "बूट घाला नाहीतर सोन्याचा मुलामा द्या." हे त्यांनी कबूल केलं, पण भाच्याकडे न बघता.

पुढचं काम सरळ होतं. पाईपवरच्या ठिपक्याची उभी राहिलेली कड दीड हजार नंबरच्या ओल्या पेपरने, अगदी हलक्या हाताने, खाली बसवली. खळगा भरून निघत नाही, फक्त ओठाला टोचायचा थांबतो. वाढला तर पाईप हार्ड क्रोमला द्यायचा किंवा नवा टाकायचा. सील दोन्हीकडची बदलली. एकीकडचं गेलं की दुसरीकडचं त्याच वयाचं असतं. नवं सील पाईपवर घालण्याआधी मामांनी पाईपच्या टोकावर दुधाची कोरी पिशवी ओढली आणि तेल लावलं, कारण टोकाच्या कडेवरून जाताना नव्या सीलचा ओठ पहिल्याच क्षणी कापला जातो आणि मग गिऱ्हाईक म्हणतं माल डुप्लिकेट होता. जुनं सील वर पालथं ठेवून त्यावर नळीचा तुकडा, आणि हातोडीचे हलके ठोके. आवाज बदलला की बसलं. वर लॉक, वर नवं डस्ट सील. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच, दोन्हीकडे मापाने सारखं.

भाचा तोवर आपल्या गाडीशी बसला होता. उजवा पाईप त्याने पुसून घेतला, बूट फिरवून भोकं खाली मागे आणली आणि सुईने मोकळी केली. प्लास्टिकच्या पट्टीऐवजी त्याने स्क्रूची क्लिप लावली. कापावी लागत नाही, सैल करून बूट वर घेता येतो.

"दर रविवारी वर घेणार?" मामांनी विचारलं.

"पंधरवड्याने."

"अमावास्या-पौर्णिमेला घे. लक्षात राहील."

माझ्या गाडीला बूट लावायचे का, असं मी विचारलं. भाचा हो म्हणाला, मामा नाही म्हणाले. मी लावले नाहीत. माझ्याकडे सकाळी चहा उकळेपर्यंतचा वेळ आहे, भाच्याकडे नाही. जुन्या बनियनचा एक तुकडा आता सीटखाली असतो आणि तो बऱ्यापैकी काळा झालाय.

निघताना मामांनी मार्कर मागून घेतला, साइड पॅनल काढलं आणि त्याच्या आतल्या बाजूला किलोमीटरचा आकडा आणि तारीख लिहिली. वर लिहिलं 'शॉकअप'. टाकीवरच्या इंजिन ऑइलच्या स्टिकरवर तशी जागा नाही.